माप खिशात, मग पाय बाजारात

बाबू, आजोबांची काळी सायकल तू कोठ्यातून बाहेर काढलीस हे ऐकून फार बरं वाटलं. तू विचारलंस, "मामा, हिचे पार्ट आता मिळतील का?" मिळतील. बरेचसे भंडाऱ्यात मिळतील, काही तुमसर-साकोलीत सापडतील, आणि राहिलेले नागपूरच्या ठोक दुकानांत. फक्त कंपनीचं नाव घेऊन हिंडू नको.

आपल्याकडच्या या सगळ्या मोठ्या काळ्या सायकली एकाच विलायती नमुन्यावर बनल्या. मुंबईच्या वरळीची हिंद, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळच्या अंबत्तूरची हर्क्युलिस, सोनीपतची ॲटलस, लुधियान्याची हिरो आणि एव्हॉन, सगळ्यांची हाडं सारखीच. हिंद आणि सेन-रॅले सरकारनं १९८० साली ताब्यात घेतल्या, तरी पुढे त्या टिकल्या नाहीत. ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. कंपन्या गेल्या, पण त्यांच्या मापाचे छर्रे, चेन, कोन आणि कॉटर लुधियान्याच्या छोट्या कारखान्यांतून अजून निघतात. म्हणून सांगतो, नाव विसर आणि माप धर. आता एकेक ऐक.

१. पहिल्या दिवशी पाना उचलू नको, फडका उचल — मळाखाली अर्धा आजार लपलेला असतो, आणि टायरवरचे, हबवरचे आकडेही त्याच मळाखाली असतात.

२. खोलण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढ, ब्रेकच्या सळ्यांचे तर जवळून चार काढ — सळ्या जागेवर असताना सोप्या वाटतात, खाली काढल्या की कुठली कुठे जात होती ते कुणालाच सांगता येत नाही.

३. एक बाजू खोल, दुसरी तशीच राहू दे — बसवताना अडलास की मान वळवून बघायला नमुना समोर असतो. दोन्ही चाकं एका दिवशी उघडायची घाई तुला होणार, मी तुला ओळखतो, ती आवर.

४. प्रत्येक नट काढला की त्याच्याच एक्सलवर फिरवून ठेव, डब्यात टाकू नको — डब्यात सगळे नट भाऊ-भाऊ दिसतात, आट्यांवर चढवले की भांडण कळतं.

५. एक वही कर. टायरचा आकडा, पुढचे-मागचे स्पोक किती, चेनव्हीलचे दाते, फ्रीव्हीलचे दाते, एक्सलची लांबी, सगळं लिही — माप विसरला, तो बाजार दोनदा फिरला.

६. आणि वही असली तरी जुना पार्ट पिशवीत घेऊनच जा, कितीही तेलकट असू दे, तनसाच्या मुठीत गुंडाळ — सांगितलेलं माप वाटेत हरवतं, नेलेला तुकडा दुकानात स्वतः बोलतो.

७. मिस्त्री सुतात बोलतो हे लक्षात ठेव. आठ सूत म्हणजे एक इंच — दोन सुताचा छर्रा माग, तो लगेच डबा उघडेल. मिलिमीटर सांगितलेस की तो आधी डोकं खाजवेल.

आता टायरचं बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. माणूस विचारतो "अठ्ठावीसचा टायर द्या", दुकानदार अठ्ठावीसचा देतो, दोघंही खरंच बोलतात, आणि टायर घरी येऊन बसत नाही.

८. तुझ्या सायकलीला बहुतेक २८ × १ १/२, म्हणजे अठ्ठावीस-दीड लागेल. टायरच्या कडेला ६३५ हा आकडा शोध — तो रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये, आणि तो आकडा कधी फसवत नाही.

९. नव्या गिअरच्या सायकलींच्या टायरवरही २८ लिहिलेलं असतं, पण त्यांचा आकडा ६२२ — दोघांत तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे अर्धा इंच. कितीही पान्यानं उचकटलास तरी तो तुझ्या रिमवर चढणार नाही, उलट ट्यूब चिमटून फाटेल.

१०. लेडीज किंवा लहान फ्रेमची सायकल असेल तर २६ चा गोंधळ याहून मोठा. २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, २६ × १ १/२ म्हणजे ५८४, आणि जाड टायरच्या नव्या सायकलींवर २६ × १.९५ असं दशांशात लिहिलेलं, ते ५५९ — अपूर्णांकाचा टायर वेगळा, दशांशाचा वेगळा, पुढचा २६ सगळ्यांचा एकच.

११. टायर घेताना दुकानातच तो हातानं उलटा वाकवून बघ — अठ्ठावीस-दीडचा खप आता कमी, माल फळीवर पडून वाळतो, आणि बारीक भेगा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत.

१२. व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी पाच-सहा घेऊन ठेव, सीटच्या खाली पुडीत बांध — पंक्चर नसतानाही हवा जाते ती बहुधा हिच्यामुळे, आणि उन्हाळ्यात ती दोन महिन्यांत चिकट होते.

रिमचं आणि स्पोकचं आता.

१३. रिम विकत घेण्याआधी भोकं मोज. आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात — ओझं मागच्या चाकावर येतं म्हणून तिथं जास्त. नव्या रिम बऱ्याचदा ३६ च्या, त्या तुझ्या हबला जमणार नाहीत.

१४. ब्रेक सळीचे आहेत की तारेचे, हे रिम घेताना आधी सांग — सळीचा ब्रेक रिमला आतून खालच्या बाजूला दाबतो, तारेचा दोन्ही बाजूंनी चिमटतो. सळीवाल्या रिमच्या कडा गोल असतात, तिथं तारेच्या ब्रेकचं रबर धरतच नाही.

१५. जुन्या चाकाचे स्पोक काढण्याआधी फ्रीव्हील काढून घे. हे दोनदा वाच, बाबू — फ्रीव्हील आट्यांवर पायडल मारून मारून घट्ट झालेलं असतं, ते सोडवायला आख्ख्या चाकाचा जोर लागतो. स्पोक कापून मोकळा हब हातात आला की मग त्याला धरायला काहीच उरत नाही, आणि चांगला हब कबाड्याकडे जातो.

१६. स्पोक मागायला जाशील तेव्हा पुढचा एक आणि मागचा एक, दोन्ही ने, चिंधी बांधून खूण कर — पुढच्या-मागच्या हबची फुलं, म्हणजे स्पोक अडकतात त्या चकत्या, लहान-मोठी, म्हणून स्पोकच्या लांबीतही फरक पडतो.

१७. दोन-तीन स्पोक तुटले तर तेवढेच बदल, पण मागच्या चाकाचे पुन्हा पुन्हा तुटायला लागले तर सगळे नवे टाक आणि चाकाचा आउट, म्हणजे डोलणं, काढून घे — जुने स्पोक थकलेले असतात, नव्याचा ताण ते सोसत नाहीत.

१८. छर्रे मोजून काढ आणि मोजून घाल, आणि बदलायचे तर त्या कपातले सगळे बदल. मागच्या हबला आणि बीबीला, म्हणजे क्रँकच्या एक्सलच्या घराला, दोन सुताचे लागतात, पुढच्या हबला दीड सुताचे — एखादाच नवा छर्रा जुन्यांपेक्षा केसभर मोठा असतो, सगळं ओझं त्या एकट्यावर पडतं आणि तो कपात खड्डा पाडतो.

१९. कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो, हातात घेऊन उजेडात फिरवून बघ. त्याच्या वाटेवर नखाला लागेल असा खड्डा असला तर कोन बदल, नुसते छर्रे बदलून पैसे घालवू नको — आणि कोन स्वस्त असतो, कप बदलायला मात्र मिस्त्रीला मेहनत पडते.

२०. एक्सलचा नट बोटानं तीन आटे फिरला पाहिजे, मगच पाना लाव. पुढचा एक्सल अडीच सुताचा, मागचा तीन सुताचा, दोघांनाही इंचाला २६ आटे. नव्या सायकलींचे मिलिमीटरचे नट दिसायला अगदी तसेच — पण एक तर आडवे अडकतात, नाही तर सैल बसून ओझ्याखाली आटे सोडतात. घाईचा पाना आटे खातो.

२१. पाना बरोबर मापाचा वापर, नटावर ढिला बसणारा नको — कोपरे गोल झालेला नट काढायला मग छिन्नी लागते, आणि छिन्नी एक्सलही घेऊन जाते.

२२. डाव्या पायडलचे आटे उलटे आहेत. खोलताना घड्याळाच्या दिशेनं फिरव, बसवताना उलट — रोजच्या चालण्यात पायडल आपोआप सैल होऊ नये म्हणून बनवणाऱ्यांनीच हे केलं आहे. नवीन जोडी घेताना एल आणि आर कोरलेलं दोन्हीवर बघून घे. कधी कधी एकाच बाजूचे दोन हातात येतात.

२३. बीबीचा उजवा कपही उलट्या आट्यांचा. तो साफ कर, तेल-ग्रीस दे, पण कारण नसताना खोलू नको — चेनव्हीलच्या मागे तो वर्षानुवर्षं घट्ट बसलेला असतो, आणि नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेवर तर इंचाला २६ आटे असतात, इतरांसारखे २४ नाही. तो कप बिघडला तर जोडीदार सापडणं खरंच अवघड.

कॉटरबद्दल, म्हणजे क्रँकला एक्सलवर पक्कं धरणाऱ्या पाचरेबद्दल, जरा सविस्तर सांगतो. लाखनीपासून पवनीपर्यंत कुठल्याही गावात खडखडणारी जुनी सायकल दिसली की त्यातल्या निम्म्यांचा आवाज कॉटरचाच असतो. पायडल एका जागी आलं की "टक्" होतं, चालवणारा सवय करून घेतो, आणि सहा महिन्यांत क्रँकचं भोक अंडाकार होतं. मग थोड्या पैशांत सुटणारं काम शेकड्यांत जातं.

२४. "टक्" ऐकू आलं त्याच आठवड्यात कॉटर बघ — सैल कॉटर क्रँकला खातो, क्रँक एक्सलला.

२५. काढताना नट पूर्ण काढू नको, शेवटच्या दोन आट्यांवर ठेवून मग ठोक, आणि क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकव — आधार नसेल तर हातोड्याचा मार छर्ऱ्यांपर्यंत जातो आणि बीबीचे कप आतून ठेचतात.

२६. नवा कॉटर जुन्याशी शेजारी ठेवून ताड. जाडी तर बघच, पण सपाट बाजूचा उतारही बघ — उतार जुळला नाही तर दोन्ही पायडलं एका रेषेत येत नाहीत. थोडं कमी-जास्त असेल तर मिस्त्री कानशीनं घासून जुळवतो. त्याला घासू दे, तू नको.

२७. दोन्ही कॉटरचे नट एकमेकांच्या उलट दिशेला आले पाहिजेत, एक वर तर दुसरा खाली — एकाच दिशेला बसवलेस तर पायडल चालताना लंगडतं.

२८. चेन ताणली की ढिली, हे डोळ्यानं ठरवू नको, पट्टी लाव. एका पिनेपासून चोवीस कड्या मोज. नव्या चेनला बरोबर १२ इंच भरतं. एक सूत जास्त भरलं तर ती चेन संपली — तिच्या मागे लागून फ्रीव्हीलचे दाते झिजायला लागतात.

२९. दाते हुकासारखे वाकले असतील तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही एकदम बदल — झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन घालणं म्हणजे लंगड्या बैलाशी ताजा बैल जुंपणं. चार दिवसांत दोघंही सारखेच चालायला लागतात.

३०. चेनलॉकचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेव. ब्रेकच्या रबराचं घरही तसंच, बंद तोंड चाक फिरतं त्या दिशेला — उघडं तोंड पुढे आलं की लॉक काडीला अडकून उडतो, आणि रबर तर ऐन ब्रेक मारताना घरंगळून बाहेर पडतं. गोसेखुर्दच्या कालव्याच्या उतारावर हे झालं तर काय होईल, ते तूच बघ.

३१. ब्रेकच्या सळ्या बहुधा सरळ करता येतात, नव्या घ्यायची घाई नको. हरवतात ते त्यांना जोडणारे बारीक क्लॅम्प आणि स्क्रू. ते दिसतील तिथं जास्तीचे घे — सळी वेल्डिंगवालाही वाकवून देतो, क्लॅम्प मात्र कुणी घडवून देत नाही.

३२. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, वाकला असेल तर एकदाच सरळ कर, पुन्हा वाकला तर बदल — लोखंड वाकून-सरळ होऊन आतून थकतं आणि सांगून तुटत नाही. नवा चिमटा घेताना जुना सोबत ने, दांड्याची लांबी आणि आटे दोन्ही जुळायला हवेत.

३३. फ्रेमला जोडाजवळ चीर दिसली तर साध्या वेल्डिंगवाल्याकडे धावू नको, गॅसवर पितळेनं झाळून देणारा शोध — या फ्रेमचे जोड मुळात पितळेनंच झाळलेले असतात, जास्त तापवलं की बाजूची नळी ठिसूळ होते. भंडाऱ्याचं पितळ देशभर ओळखलं जातं, इथं पितळेचा हात असलेला माणूस मिळायला अडचण पडू नये.

कुठं शोधायचं ते सांगतो.

३४. आधी आपल्या गावचा मिस्त्री, मग तालुका, मग भंडारा, शेवटी नागपूर — मिस्त्रीच्या पत्र्याच्या डब्यात जे पडलेलं असतं ते मोठ्या दुकानाच्या यादीत नसतं, आणि तो बसवूनही देतो.

३५. त्याच्याकडे रोवण्याच्या दिवसांत जाऊ नको, आणि जूनमध्ये शाळा उघडतानाही नको — रोवण्यात तो स्वतः बांधीत चिखलात असतो, आणि जूनमध्ये त्याच्यासमोर पोरींच्या सायकलींची रांग असते. धान घरात आलं की जा, निवांत बसेल, चहा घेईल, आणि जे तू मागितलं नाहीस तेही काढून दाखवेल.

३६. बदललेला जुना पार्ट त्याच्याकडेच ठेवू दे, पैसे मागू नको — तुझा झिजलेला फ्रीव्हील खोलून तो कुणाची तरी स्प्रिंग बसवतो. उद्या तुझ्या वेळी दुसऱ्या कुणाच्या डब्यातून तुझं काम निघेल.

३७. कबाड्याकडे महिन्यातून एकदा चक्कर मार, पण रिकाम्या मनानं नाही, वही घेऊन — तिथं जुन्या लोखंडाचं वजन होतं, माप नाही. पूर्ण चेनकव्हर, जाड पत्र्याचं मडगार्ड, दोन पायांचं स्टँड, मजबूत कॅरियर, हे नव्यापेक्षा जुनंच चांगलं मिळतं.

३८. कबाडातून काय घेऊ नये तेही ऐक: चिमटा, हँडलचा दांडा, क्रँक — यांची दुखणी दिसत नाहीत आणि जीव यांच्यावरच असतो. आणि आख्खी सायकल कुणी फारच स्वस्तात देत असेल तर कुणाची आहे ते विचार. कुणाची तरी शाळेची वाट त्यात अडकलेली असू शकते.

३९. जे लहान आणि झिजणारं, ते नवं घे. जे मोठं आणि न झिजणारं, ते जुनं जप — नव्या मडगार्डचा पत्रा पातळ येतो, नवा छर्रा मात्र जुन्यापेक्षा गोलच असतो.

४०. पार्ट शोधावाच लागू नये, यासाठी थोडं करत जा. हबच्या मधोमध एक बारीक भोक असतं, वर पत्र्याची पट्टी सरकते. तिथं महिन्याला चार थेंब मशीनचं तेल सोड. फ्रीव्हीललाही पातळ तेलच, ग्रीस नको — ग्रीसनं आतली कुत्री चिकटतात आणि पायडल रिकामं फिरतं. थेंबभर तेल, खंडीभर सोय.

४१. घरातलं जवसाचं तेल चुकूनही घालू नको, आजी कितीही म्हणो — जवस वाळलं की त्याचा डिंक होतो, म्हणूनच तर ते रंगात घालतात. चेन दोन दिवस छान चालते, तिसऱ्या आठवड्यात कडी वळत नाही.

४२. चिखलातून आलास तर सायकल बोडीत आडवी बुडवून धुवू नको, ओल्या फडक्यानं पूस — पाणी कपात शिरतं, छर्रे गंजतात, आणि पावसाळा संपता संपता तुला मिस्त्रीची वाट धरावी लागते. वाटेत चिखल मडगार्डमध्ये दाटला तर काडीनं काढ, ओढत नेऊ नको. रिमचा रंग तिथंच जातो.

४३. गंजून जाम झालेल्या नटाशी भांडू नको. डिझेल आणि मशीनचं तेल अर्धं-अर्धं करून रात्रभर सोड, सकाळी हलकेच दोन टोले दे, मग पाना लाव — तोडलेला एक नट नवा मिळतो, तुटलेला एक्सल मापाचा मिळेलच असं नाही.

४४. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला रात्री जाणार असशील तर डायनामोचा बल्ब आधी बदल, ६ व्होल्टचाच माग — टॉर्चचा कमी व्होल्टचा घातलास तर पहिल्या उतारावर वेग वाढताच उडतो, आणि पुढचा रस्ता अंधाराचा.

४५. सगळं जोडून झालं की पहिली फेरी दूर नको, वरठीपर्यंत जाऊन ये. पाना खिशात ठेव, स्टेशनजवळ थांबून दोन्ही एक्सलचे नट, सीटचा नट आणि हँडलचा बोल्ट हातानं बघ — नवीन जोडणी पहिल्या तासाभरातच बसते आणि बसताना सैल होते.

४६. चार दिवसांनी दोन्ही कॉटरचे नट पुन्हा आवळ, पंधरा दिवसांनी चाकाचा आउट पुन्हा बघून घे — नव्या स्पोकांचा ताण पहिल्या पंधरवड्यातच उतरतो. आणि मागच्या हबचा कोन कुठून मिळाला, केवढ्याला मिळाला, ते वहीत लिहून ठेव; तुझ्या मावशीच्या घरीही असलीच एक सायकल आहे, तिचा नंबर पुढच्या महिन्यात लागणार.